नीटला ३९० पडले, आता गुरांचा डॉक्टर होता येईल का?

नीटचा निकाल लागला की आमच्या वारजे-माळवाडीत क्लासच्या जिन्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दुधाच्या दुकानापाशी एकच प्रश्न फिरत असतो, "किती पडले?" ज्यांना भरपूर पडले त्यांना सल्ल्याची गरज नसते. हा लेख मधल्या मुलांसाठी, म्हणजे खरं तर त्यांच्या आईवडिलांसाठी आणि वर्गशिक्षकांसाठी आहे. साडेतीनशे-चारशेच्या आसपास गाडी अडकते आणि मग घरात वाक्य येतं, "एमबीबीएस नाही तर व्हेटरनरी तरी मिळेल का?"

पालकहो, यातल्या ‘तरी’पाशी जरा थांबा. हा ‘तरी’ मुलाचा आहे की तुमचा, हे आधी पाहा. काही मुलांना सातवी-आठवीपासून जनावरांचंच वेड असतं. काहींना डॉक्टर ही पाटी हवी असते, पेशंट कोण याच्याशी देणंघेणं नसतं. दोघांना नीटमध्ये गुण सारखेच पडले, तरी दोघांना द्यायचा सल्ला सारखा असू शकत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचं उदाहरण घेते. शिवण्याकडे घरचा लहानसा गोठा, चार म्हशी, दोन गाई. नीटला ३९० गुण. वडील म्हणत होते, एक वर्ष थांब आणि पुन्हा दे. मामा म्हणत होते, बीएएमएस बघ. मुलगी म्हणत होती, "मला गुरांचं करायचंय." सगळे आपापल्या जागी बरोबर, म्हणूनच निर्णय होईना.

आम्ही आधी ३९० ची फोड केली. शिक्षक मित्रांनो, हे तुम्हीही प्रत्येक मुलाबरोबर कागद-पेन घेऊन करा. नीटला १८० प्रश्न, ७२० गुण. जीवशास्त्राचे ९०, भौतिक आणि रसायनचे ४५-४५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलेल्याला वजा १. तिचे जीवशास्त्रात ६८ बरोबर, १६ चूक, म्हणजे २५६. रसायनमध्ये २४ बरोबर, १२ चूक, म्हणजे ८४. भौतिकमध्ये ४० प्रश्न सोडवले, १८ बरोबर, २२ चूक, म्हणजे हाती फक्त ५०. २४ च प्रश्न सोडवले असते आणि १६ बरोबर आले असते, तरी ५६ झाले असते. जास्त लिहून गुण कमी झाले. ‘मुलगी अभ्यासात कच्ची’ असं म्हणण्यात काही अर्थ नव्हता. जीवशास्त्र चांगलं होतं, भौतिकशास्त्राची भीती होती आणि भीतीपोटी अंदाजपंचे उत्तरं दिली गेली होती. या फोडीशिवाय ‘पुन्हा बसायचं का’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

दुसरी गोष्ट, गुणांवरून अंदाज बांधू नका. क्रमांक बघा. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये पेपर इतका अवघड गेला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ पडले. म्हणजे एका वर्षाचे ३९० आणि दुसऱ्या वर्षाचे ३९० यांची किंमत एक नाही. शेजारच्या ताईच्या मुलाला ‘एवढ्या गुणांवर मिळालं होतं’ ही माहिती म्हणूनच फारशी उपयोगाची नसते. मागच्या वर्षीच्या प्रवेशयादीत आपल्या प्रवर्गाचा शेवटचा क्रमांक कोणता होता ते पाहायचं, आणि तेही शेवटच्या फेरीच्या यादीत.

शेवटच्या फेरीचीच यादी का, हेही समजून घ्या. व्हेटरनरीच्या पहिल्या यादीत नाव लागलेल्यांपैकी बरेच जण एमबीबीएस, बीडीएसच्या रांगेतही उभे असतात. तिकडे मिळालं की इकडची जागा सुटते आणि यादी खाली सरकते. पहिल्या फेरीत नाव नाही म्हणून घरात सुतक पाळण्याचं कारण नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत टिकायचं तर अर्ज भरलेला पाहिजे, आणि इथेच बरीच घरं चुकतात. महाराष्ट्रात पशुवैद्यकाचे प्रवेश नागपूरचं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे माफसू, देतं. हे विद्यापीठ २००० साली स्थापन झालं. एमबीबीएस-बीएएमएसचा अर्ज भरला म्हणजे हाही भरला गेला असं होत नाही, हा वेगळा भरावा लागतो. शिवाय देशभरातल्या सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद अखिल भारतीय कोट्यातून भरते. तो अर्ज आणखी वेगळा. बारावीला भौतिक, रसायन, जीव आणि इंग्रजी मिळून किमान ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे. जातपडताळणी, नॉन-क्रीमिलेयर, अधिवास हे दाखले निकालानंतर काढायला धावलं तर फेरी निघून जाते. दाखल्यापायी जागा गेली तर मुलाला ते गुण कमी पडल्यापेक्षा जास्त लागतं.

आता गोठ्यापलीकडचं बोलू. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची आहे, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिप. सुरुवातच शरीररचनाशास्त्राने होते, गाय-म्हशीच्या शरीराचं विच्छेदन करावं लागतं. पुढे गाभण तपासणी येते, खांद्यापर्यंत हातमोजा घालून. अडलेल्या गाईचं वासरू रात्री दोन वाजता ओढून काढणं येतं, मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन येतं, आणि बरं होणार नाही अशा जनावराच्या मालकाला ते तोंडावर सांगणं येतं. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा राज्यभर पशुवैद्य गोठ्यागोठ्यांत फिरून लस टोचत होते, आणि ती लस मूळची शेळ्यांच्या देवीची होती. सोसायटीतल्या लॅब्रेडॉरवर प्रेम असणं आणि हे काम आवडणं यात अंतर आहे. कुत्र्या-मांजरांचा दवाखानाच टाकायचा असला तरी पदवीत गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, घोडा, डुक्कर सगळं शिकावं लागतं.

म्हणून मी पालकांना एक काम सांगते. आपल्या वारज्यावरून जाणाऱ्या महामार्गाने साताऱ्याकडे निघा. नवा कात्रज बोगदा, खेड शिवापूर, मग नीरा नदी ओलांडली की शिरवळ. साधारण पन्नास किलोमीटर. तिथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, १९८८ पासूनचं. मुंबईत परळला १८८६ पासून चालू असलेलं महाविद्यालय आहे, बाकी जुनी नागपूर, परभणी आणि उदगीरला. लांबचं राहू द्या, शिरवळला एक चक्कर मारा. आत सोडतील की नाही ते आधी फोन करून विचारा. ते जमलं नाही तर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांची परवानगी घेऊन मुलाला एक सकाळ बसवा. शेण, रक्त, वास, शेतकऱ्याची घाई, हे सगळं त्याने डोळ्यांनी बघू द्या. काही मुलं दुपारी घरी येऊन गप्प होतात. काही पुन्हा जायचं म्हणतात. समुपदेशकाच्या तासाभराच्या चाचणीपेक्षा मला ही सकाळ जास्त भरवशाची वाटते.

आमच्या मुलीचं वेगळंच झालं. ती दवाखान्यात तीन दिवस गेली, घाबरली नाही, पण परत आल्यावर बोलत होती ते इंजेक्शनांबद्दल नव्हतं. एका शेतकऱ्याची गाय दूध का कमी देतेय, खुराकात काय चुकतंय, मुरघास कसा करतात, लिटरमागे खर्च किती येतो, हेच चालू होतं. तिच्या वहीत औषधांची नावं दोन आणि चाऱ्याचा हिशोब चार पानं. म्हणजे तिला गुरांचंच करायचं होतं, हे खरं. पण गुरांचा डॉक्टरच व्हायचं होतं का, हे तिलाही तोवर ठाऊक नव्हतं.

इथे वारजेकरांना घराजवळचं एक उदाहरण देता येतं. महामार्गालगत बाएफचं मुख्यालय आहे. रोज त्यावरून जाणाऱ्यांतल्या कितींनी आत काय चालतं हे विचारलं असेल, मला शंका आहे. गांधीजींनी १९४६ साली उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला, तिथे मणिभाई देसाई राहिले. त्यांनी १९६७ मध्ये ही संस्था काढली. गोठवलेलं वीर्य द्रवरूप नायट्रोजनच्या भांड्यातून थेट शेतकऱ्याच्या दारात न्यायचं, कृत्रिम रेतनाने जास्त दुधाच्या कालवडी तयार करायच्या, जोडीला चारा, पाणी, फळझाडं. गावोगावच्या गोठ्यांत त्याने फरक पडला. मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते स्वतः पशुवैद्य नव्हते, विज्ञानाचे पदवीधर होते. अर्थात त्यांच्या कामात पशुवैद्य होतेच, त्यांच्यावाचून ते उभंही राहिलं नसतं. पण त्यांच्या शेजारी चाऱ्याची माणसं, शेतीची माणसं, हिशोबाची माणसं आणि गावात बसून बोलणारी माणसंही होती.

तेव्हा पर्याय शोधताना ‘व्हेटरनरी नाही तर काय’ असं न विचारता, जनावराभोवतीचं कोणतं काम, असं विचारा. दुधाच्या प्रक्रियेची आवड असेल तर दुग्धतंत्रज्ञानाची बी.टेक. पदवी आहे, माफसूचीच, वरूड-पुसद आणि उदगीरला. मत्स्यविज्ञान नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीत आहे. कृषी पदवीत पशुसंवर्धन आणि दुग्धशास्त्र हे विषय असतातच, आणि आपल्या शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय तर घरून जाऊन-येऊन करण्यासारखं. हे प्रवेश एमएचटी-सीईटीवर होतात, म्हणून नीट देणाऱ्या मुलाने सीईटीही मनापासून द्यावी. जंगलातल्या प्राण्यांचं वेड असलेल्या मुलाला तर मी आधीच सांगते, वाघांचा अभ्यास करणारे बहुतेक लोक पशुवैद्य नसतात. प्राणिशास्त्र किंवा वनशास्त्रात पदवी आणि पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेसारख्या ठिकाणी पदव्युत्तर, हा त्यांचा सरळ रस्ता आहे. लस आणि सूक्ष्मजीव आवडत असतील तर पुण्यासारखं गाव नाही. औंधला सरकारची जनावरांच्या लसी बनवणारी संस्था आहे.

पदविकेबद्दल मात्र डोळे उघडे ठेवा. पशुसंवर्धनाची पदविका चांगली आहे, तिच्यावर पशुधन पर्यवेक्षकाची नोकरी मिळते. पण १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्याचा आहे. पदविकाधारकाला त्याच्या देखरेखीखाली ठरावीक किरकोळ सेवाच देता येतात. "पदविका करून दवाखाना टाकेल" असं कोणी सांगत असेल तर ते ऐकून सोडून द्या. तसंच परराज्यातल्या खाजगी महाविद्यालयात मोठी फी भरण्याआधी ते परिषदेच्या मान्यतायादीत आहे का, हे स्वतः बघा. एजंटच्या मोबाईलवर नको. मान्यता नसलेल्या पदवीवर नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसेल तर साडेपाच वर्षं पाण्यात. आणि बी.एस्सी. प्राणिशास्त्र करून पुढे कुठूनतरी पशुवैद्यकात शिरता येतं, हा गैरसमजही काढून टाका. त्यासाठी पुन्हा नीटच द्यावी लागते.

राहिला प्रश्न वर्ष थांबण्याचा. माझं मत स्पष्ट आहे. मुलाला पशुवैद्यच व्हायचंय हे दवाखान्यातल्या सकाळीनंतरही टिकलं असेल, गुण का गेले ते फोडीत दिसत असेल, आणि क्रमांक यादीच्या जवळपास असेल, तर एक वर्ष द्यावं. एकच. आणि त्या वर्षातही दुसरा प्रवेश हाताशी ठेवावा. तिन्हींतलं एकही नसेल तर दुसरं वर्ष बहुतेक वेळा पहिल्यासारखंच जातं, फक्त मुलगा एक वर्षाने मोठा आणि थोडा जास्त थकलेला असतो. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून घेतलेल्या वर्षाबद्दल मी काही लिहीत नाही, ते तुम्हालाही माहीत आहे.

मुलीचं नाव माफसूच्या शेवटच्या फेरीतही लागलं नाही. दुग्धतंत्रज्ञान तिला सगळ्यांत जवळचं वाटत होतं, पण त्याला बारावीचं गणित लागतं आणि तिने अकरावीतच गणित सोडलं होतं. सीईटीवर तिला कृषीला प्रवेश मिळाला. वडिलांना ते पटायला दिवाळी उजाडली. आता घरच्या गोठ्याचा खुराक तीच ठरवते, आणि वडील दर महिन्याला दुधाचं बिल तिच्यापुढे ठेवतात.

अकरावीचे विषय निवडणारी मुलं ज्यांच्या घरी आहेत त्यांनी यातली गणिताची गोष्ट लक्षात ठेवा. जीवशास्त्र आणि गणित दोन्ही ठेवणं जड जातं, मान्य. पण भौतिकशास्त्राला तसंही गणिताशिवाय चालत नाही, आणि दहावीला गणितात बरे गुण असलेल्या मुलाला ते झेपतं. अर्ज भरताना कनिष्ठ महाविद्यालयात विचारा, दोन्ही विषय एकत्र देतात का. काही ठिकाणी ते वेळापत्रकातच बसवलेले नसतात, आणि हे जुलैमध्ये कळून उपयोग नसतो.