मागून झाल्यावर लगेच उठू नकोस

घरात दोन मिनिटं निवांत मिळत नाहीत, हे तुझं म्हणणं मला पटतं गं. सकाळी पाण्याची वेळ, डबे, मुलांची शाळा, सासूबाईंच्या गोळ्या. त्यातून सुटलीस की हातात मोबाईल. संध्याकाळी देवापुढे दिवा लावतेस, पण हात जोडल्याजोडल्या मागण्या सुरू होतात. मुलाचे मार्क, यांची बढती, आईचे गुडघे. माग, त्यात गैर काही नाही. फक्त मागून झाल्यावर लगेच उठू नकोस. थोडा वेळ तशीच बसून राहा.

बसलीस की आधी डोक्यात गोंगाट होईल. भाजीचा, फीचा, जाऊबाई परवा काय बोलल्या त्याचा. तो दाबायला जाऊ नकोस. लहानपणापासून तोंडात बसलेलं एखादं नाव घे, विठ्ठल म्हण, राम म्हण. मन भटकलं की स्वतःवर न चिडता त्या नावाकडे परत ये. पुढेपुढे नावही मंद होतं आणि नुसता श्वास जाणवत राहतो. एखाद्या दिवशी यातलं काहीच होणार नाही. तरी बस. बसणं आपल्या हातात असतं, शांत होणं नसतं.

हे संसार सोडलेल्यांचं काम, असं म्हणशील. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात दहा दिवस जायला मिळालं तर जरूर जा, पण त्यासाठी अडून राहू नकोस. मला आठवतं ते पवनार. वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, ते स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी. तिथल्या बहिणी शेतात राबत आल्या, स्वयंपाक आणि साफसफाई त्यांनी स्वतःच केली, आणि त्याच दिवसात प्रार्थनेलाही बसल्या. कामं संपल्यावर मग साधना, असं त्यांनी ठेवलं नाही. आपली कामं तरी कुठे संपतात? विनोबांना मौन प्रार्थना विशेष प्रिय होती. न बोलता बसलं की कोणत्याही धर्माच्या माणसाला शेजारी बसता येतं, असं ते मानत. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी स्वतः वर्षभर मौन पाळलं.

आता एक गोष्ट मात्र नीट ऐक. रुसून चार दिवस कुणाशी न बोलणं, ताट आदळणं, निरोप मुलांकरवी धाडणं, याला मौन म्हणून मिरवू नकोस. त्या गप्प बसण्यात आतून भांडण चालूच असतं. आणि कुणी तुला टाकून बोलत असेल, हात उगारत असेल, तर तिथे तर मुळीच गप्प राहायचं नाही. सोसणाऱ्या बाईच्या गप्प राहण्याला आपल्याकडे फार काळ सद्गुण म्हटलं गेलं, आणि त्यात कितीतरी जणींचं आयुष्य गेलं. नेमाने घेतलेल्या मौनालाही सवलत असते. गांधीजी सोमवारी मौन पाळत. २ जून १९४७ हा सोमवारच होता. त्या दिवशी त्यांनी व्हाइसरॉय माउंटबॅटन यांच्याशी जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून संवाद केला. पण मौन घेतानाच त्यांनी सवलती ठेवल्या होत्या: तातडीच्या कामी मोठ्या पदावरच्या लोकांशी आणि आजाऱ्याच्या सेवेसाठी बोलायची मुभा होती. माणसापेक्षा नेम मोठा नाही, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. तू डोळे मिटून बसलेली असताना पोरगं रडलं तर ऊठ, त्याला जवळ घे. प्रार्थना मोडली असं वाटून घेऊ नकोस.

वेळ तूच शोध. दुपारी जेवणं आटोपल्यावर असेल, लोकलमध्ये खिडकी मिळाल्यावर असेल. जागा एकच ठेवता आली तर बरं, म्हणजे मन लवकर बसतं. घरी बसलीस तर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव. बंद करून मांडीवर ठेवला तरी लक्ष त्याच्याकडेच जातं. घरच्यांना आधी सांगून ठेव, म्हणजे ‘आज हिला काय झालं’ असं कुणाला वाटणार नाही. चोरून बसण्यासारखं यात काही नाही. उद्यापासून पाच मिनिटं बस, वाढवायची घाई करू नकोस. महिन्याने मला फोन कर आणि कसं चाललंय ते खरंखरं सांग.