नाडी थांबली, काळीज नाही

प्रश्न : आमच्या जत्रेत एका बुवांनी मनगटाची नाडी थांबवून दाखवली. मी स्वतः हात धरला होता, खरंच लागेना. काळजाचे ठोके, घाम, अंगाची ऊब असल्या आपोआप चालणाऱ्या गोष्टी मनाने ताब्यात येतात का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : बुवांच्या काखेत लिंबू होतं का, ते पाहिलंत? लिंबू काखेत घट्ट दाबलं की हाताची धमनी चेपते आणि मनगटावर काही लागत नाही. शाळेतली पोरंही हे करतात.

लिंबाविना करणारेही आहेत. १९५७च्या सुमारास वेंगर आणि बागची हे अमेरिकेतले दोन संशोधक यंत्रं घेऊन आपल्याकडे योगी शोधत फिरले. लोणावळ्याच्या कैवल्यधामातही ते गेले. दिल्लीचे बी. के. आनंद त्यांच्या जोडीला होते. हृदय थांबवतो म्हणणारे तिघे त्यांनी तपासले. १९६१ साली छापलेला निष्कर्ष असा : श्वास कोंडून छाती-पोट आवळलं, की शिरांतलं रक्त हृदयाकडे परतताना अडतं. पुढे ढकलायला रक्तच कमी, म्हणून नाडी बोटाला लागत नाही. ठोक्यांचा आवाज स्नायूंच्या गुरगुरीत बुडतो. ईसीजीच्या कागदावर मात्र ठोके उमटतच होते.

मला त्यांच्यापेक्षा दुसरा एक योगी आवडतो. तो हवा तेव्हा कपाळावर घाम आणायचा. हिमालयातल्या गुहेत थंडी सोसवेना, म्हणून तो आपण भयंकर उष्णतेत आहोत अशी कल्पना करत बसे. ऊब आली, पुढे घामही येऊ लागला. त्याने काळजाला किंवा घामाला हुकूम सोडला नाही. हुकूम चालतच नाही, आडवाटेने जावं लागतं.

बायोफीडबॅक हीच आडवाट. बोटाची ऊब, स्नायूंचा ताण, ठोके एरवी आपल्याला कळत नाहीत. यंत्र ते पडद्यावर दाखवतं आणि काय केल्यावर रेघ हलते ते माणूस चुकतमाकत शिकतो. अर्धशिशीवर हे वापरतात. कुंथताना गुदाचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जातात, त्या बद्धकोष्ठावर तर याचा गुण चांगलाच येतो. लाजेपायी कोणी बोलत नाही, एवढंच.

सगळ्यांत सोपी आडवाट श्वासाची. आत घेताना ठोके जलद होतात, सोडताना मंदावतात. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले तर हा चढउतार ठळक होतो. इटलीतल्या बर्नार्डी आणि मंडळींनी २००१ साली दाखवलं, की लॅटिनमधली आवे मारिया म्हणा वा ‘ओम मणि पद्मे हुम्’, श्वास आपसूक याच लयीला येतो. फोंड्यात देवळातला जप आणि शेजारच्या ख्रिस्ती घरातलं जपमाळेचं तेर्स, दोन्ही ऐकणाऱ्याला याचं नवल वाटू नये.

कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेलच. बोटाला लावून संथ श्वास घेऊन बघा. ठोक्यांचा आकडा जरा मागून येतो. त्या तिघा योग्यांसारखा श्वास कोंडणं मात्र हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी करू नये.

आणि पुढच्या जत्रेला बुवांचे दोन्ही हात धरा. नाडी एकाच हाताची गेली असेल, तर लिंबू शोधा.