महाडची अफवा

चोर घरात शिरतो तेव्हा त्याचे लक्ष तिजोरीकडे असते. घरधन्याची जात, धर्म वा भाषा यांच्याशी त्याला कर्तव्य नसते. परंतु काही गुन्हे असे असतात की, त्यांत गुन्हेगार प्रथम नेमके हेच पाहतो. समोरच्या माणसाने काय केले हे त्याच्या लेखी गौण असते. तो कोणांपैकी आहे हे मुख्य ठरते. अशा गुन्ह्यास द्वेषमूलक गुन्हा म्हणतात. त्याचा घाव एकाच्या अंगावर बसतो, पण दहशत त्याच्या साऱ्या समाजास बसते. हा गुन्हा कसा ओळखावा आणि त्याचा प्रतिकार कसा करावा, याचा विचार आम्ही येथे महाडच्या इतिहासप्रसिद्ध प्रसंगाच्या आधारे करणार आहोत.

मुंबई विधिमंडळाने १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळ्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली आपले चवदार तळे सर्वांस खुले केले. मात्र ते कागदावरच. पुढे १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाड येथे भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व प्रतिनिधी शांतपणे तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यांनी कोणताही कायदा मोडला नव्हता; मिळालेला हक्क बजावला होता.

थोड्याच वेळात गावात आवई उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परिषदेचा तसा बेत मुळीच नव्हता, आणि डॉ. आंबेडकरांनी तसे स्पष्ट सांगितलेही. तरीही लाठ्या घेतलेला जमाव मंडपात घुसला. तेथे काही प्रतिनिधी जेवत होते. त्यांचे अन्न मातीत गेले. गावात फिरणाऱ्यांस गाठून मारण्यात आले, आणि कित्येकांनी मुसलमानांच्या घरांचा आसरा घेतला. दुसऱ्या दिवशी गावातील सनातनी मंडळींनी दूध, दही, शेण व गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतवून त्याची 'शुद्धी' करविली.

या प्रसंगात द्वेषमूलक गुन्ह्याच्या तीन खुणा स्पष्ट दिसतात. पहिली, लाठी उगारण्यापूर्वी खोटी भीती पसरविण्यात आली: 'ते आपले देऊळ बाटविणार.' दुसरी, मार खाणाऱ्याचा वैयक्तिक अपराध कोणी शोधला नाही. तो त्या समाजाचा, एवढी ओळख पुरेशी ठरली. तिसरी, केवळ शरीरास इजा करून हात थांबले नाहीत. तळ्याची शुद्धी करून सबंध समाजास 'तुमचा स्पर्शच विटाळ आहे' असे बजावण्यात आले. कोणत्याही गावी, कोणत्याही समाजाविरुद्ध या खुणा दिसू लागल्या, तर ते साधे भांडण नव्हे हे जाणावे.

आता प्रतिकाराकडे वळू. प्रतिनिधींची संख्या मोठी होती. आपल्या माणसांची रक्तबंबाळ डोकी पाहून अनेकांचे हात शिवशिवत होते. डॉ. आंबेडकरांनी त्यांस आवरले. प्रतिहल्ला झाला असता, तर दोन्हीकडच्यांनी दंगल केली असेच म्हटले गेले असते आणि मूळ गुन्हा झाकला गेला असता. त्याऐवजी प्रकरण न्यायासनापुढे गेले, आणि जून १९२७ मध्ये पाच जणांस चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळ्यावरील हक्काचा दावा मात्र दहा वर्षे चालला; १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो अस्पृश्यांच्या बाजूने निकालात काढला. न्यायास विलंब लागला, पण लाभलेला हक्क कायम झाला.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. या लढ्यात अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधरपंत सहस्रबुद्धे ही उच्चवर्णीय मंडळी बाबासाहेबांच्या बरोबर उभी होती. म्हणून हल्लेखोरांच्या पापासाठी त्यांच्या जातीतील प्रत्येकास दोषी धरणे हेही योग्य नव्हे. एकाच्या करणीचे माप सर्वांच्या पदरी घालणे, हीच तर द्वेषाची मूळ चूक आहे.

आज कायद्याचे बळ पुष्कळ वाढले आहे. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली ती पाळणे दंडनीय ठरले. १९८९ साली अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांच्या प्रतिबंधासाठी स्वतंत्र अधिनियम झाला. जमावाच्या हिंसेस आळा घालण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बजावले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा यांसारख्या कारणावरून केलेल्या खुनासाठी स्वतंत्र तरतूद आहे. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला, तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदविता येते. तातडीच्या वेळी ११२ हा क्रमांक आहे.

परंतु कायदा बहुधा घटना घडल्यावर येतो. अफवा मात्र आधी येते, आणि ती आपल्याच घरात, वर्गात, हातातील फोनवर येते. तेथे विद्यार्थ्याचे काम सुरू होते. 'अमक्या समाजाचे लोक असे करणार आहेत' हे वाक्य कानी पडताच 'हे कोणी पाहिले?' असे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत ते पुढे धाडू नये. वर्गात एखाद्यास त्याच्या जातीवरून वा धर्मावरून चिडविले जात असेल, तर हसण्यात सामील न होता त्याच्या शेजारी जाऊन बसावे व शिक्षकांस सांगावे. प्रत्यक्ष हल्ला दिसल्यास स्वतः जमावात न शिरता मदत बोलवावी. दिवस, वेळ, स्थळ लिहून ठेवावे आणि साक्ष देण्यास कचरू नये.

आपण मराठी भाषक या प्रदेशात संख्येने थोडे आहो. महाराष्ट्रात गेलो की बहुसंख्य होतो. थोड्यांतला एक असणे म्हणजे काय, हे आपणांस ठाऊक आहे. जेथे आपण पुष्कळ असू, तेथे ही जाणीव घरी ठेवून जाऊ नये, इतकेच आमचे मागणे आहे.