भिंतीवरील औषध व शेतातील औषध : हिवताप निवारणाचा एक धडा

हिवतापाविरुद्ध कीटकनाशके वापरावीत की त्यांपासून होणाऱ्या हानीमुळे ती टाळावीत, असा प्रश्न गावोगावी विचारला जातो. एक पक्ष म्हणतो की, माणसाचा जीव वाचत असेल तर विषाची चिंता करण्याचे कारण नाही. दुसरा पक्ष म्हणतो की, जमीन, पाणी व पक्षी यांचा नाश करणारे औषध घरात येऊच देऊ नये. दोन्ही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे. तथापि औषध कोठे, किती व कशासाठी वापरले जाते हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचा निर्णय करता येत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय स्वतः समजून घ्यावा व शेतकरी बांधवांना समजावून सांगावा, या हेतूने त्याची माहिती पुढे दिली आहे.

भिंतीवरील फवारणीचे तत्त्व

हिवताप हा अॅनाफिलीस जातीच्या डासाच्या मादीमुळे पसरतो. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू प्रथम पाहिले. रोग्याचे रक्त शोषल्यावर मादी लगेच रोग देऊ शकत नाही. तिच्या शरीरात जंतूंची वाढ होण्यास साधारणपणे दहा दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. या मुदतीत ती दर दोन-तीन दिवसांनी रक्त शोषते आणि पुष्कळ जातींच्या माद्या पोट भरल्यावर घराच्या भिंतीवर विसावतात.

भिंतीवर औषधाचा थर असेल तर मादीला प्रत्येक विश्रांतीच्या वेळी त्याचा स्पर्श होतो आणि रोग देण्याइतके वय होण्यापूर्वीच ती मरते. म्हणजे गावातील सर्व डास मारण्याची आवश्यकता नसते. डासाचे आयुष्य तोडले की रोगाची साखळी तुटते. घरातील भिंतींवर थोडे औषध मारूनही सबंध गावाचे रक्षण का होते, हे यावरून ध्यानात येईल.

डी.डी.टी.ने साधलेले कार्य

डी.डी.टी. हा पदार्थ १८७४ साली प्रथम तयार करण्यात आला. त्याचा कीटकनाशक गुण पाउल म्यूलर या स्विस शास्त्रज्ञाने १९३९ साली शोधून काढला व त्याबद्दल त्यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तत्कालीन मुंबई प्रांतातील कारवार व धारवाड या जिल्ह्यांत १९४६ साली डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या मार्गदर्शनाखाली खेड्यांतील घरांत डी.डी.टी.ची फवारणी सुरू झाली. घाटाखालच्या ओढ्यांत वाढणाऱ्या डासांमुळे तेथील गावे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने गांजलेली होती. या कामाला मोठे यश आले आणि पुढील राष्ट्रीय योजनेला त्याचा आधार मिळाला.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे व सुमारे आठ लाख लोक त्याने मरत असत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम व १९५८ साली निर्मूलन कार्यक्रम हाती घेण्यात आला. १९६५ च्या सुमारास वार्षिक रुग्णसंख्या एक लाखापर्यंत खाली आली. ओस पडलेल्या तराई भागांत लोक पुन्हा वस्ती करून शेती करू लागले. डी.डी.टी.विषयी बोलताना या उपकाराचा विसर पडू देणे योग्य नव्हे.

यशाला उतार का लागला ?

१९७६ साली देशातील रुग्णसंख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. याची कारणे अनेक होती. फवारणी व रुग्णशोधाचे काम ढिले पडले. औषधाचा पुरवठा वेळेवर झाला नाही. शहरांतील टाक्या व विहिरींतून वाढणाऱ्या डासांकडे आरंभी पुरेसे लक्ष गेले नाही. परंतु शेतीच्या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगे कारण म्हणजे डासांना औषध बाधेनासे झाले, हे होय. ग्रामीण भागात हिवताप पसरविणाऱ्या अॅनाफिलीस क्युलिसिफेसीस या डासात डी.डी.टी.विरुद्धची प्रतिकारक्षमता गुजरातेत १९५९ च्या सुमारासच आढळून आली होती.

प्रतिकारक्षमता कशी निर्माण होते, हे शेतकऱ्याला बियाण्याच्या निवडीवरून सहज समजेल. हजारो डासांत एखाद-दुसरा असा असतो की, त्याला औषध बाधत नाही. औषधाने बाकीचे मरतात, हा उरतो, आणि पुढील पिढी त्याचीच होते. निवड जितकी व्यापक व वारंवार, तितका पालट वेगाने होतो. भिंतीवरील औषध फक्त घरात शिरणाऱ्या मादीला लागते. शेतातील औषध मात्र पावसाबरोबर चारीत, नाल्यात व भातखाचरात उतरते. तेथे डासांच्या अळ्या, नर व मादी दोन्ही, त्याच्या सौम्य मात्रेत वाढतात. अशा रीतीने पिकावरील फवारणी नकळत प्रतिकारक्षम डासांची पैदास करते.

हा केवळ तर्क नव्हे. मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर, निकाराग्वा व ग्वाटेमाला या देशांच्या किनारपट्टीवर कापसाची लागवड वाढली व हंगामात त्यावर पुन्हा पुन्हा कीटकनाशके मारण्यात येऊ लागली. कापसाच्या पट्ट्यातील डास अनेक प्रकारच्या औषधांना दाद देईनासे झाले, आणि घरातील फवारणीसाठी राखलेली नवी औषधेही तेथे निकामी ठरली. बोंडअळीसाठी मारलेल्या औषधाचे मोल असे मजुरांच्या मुलांना हिवतापाच्या रूपाने द्यावे लागले.

निसर्गाची हानी

डी.डी.टी. लवकर विघटित होत नाही. जमिनीत त्याचा अंश वर्षानुवर्षे टिकतो. पाण्यातील सूक्ष्म जीवांतून तो माशांत, माशांतून पक्ष्यांत जातो व प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. चरबीत साठत असल्यामुळे तो जनावरांच्या व मातांच्या दुधातही उतरतो. शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे त्यामुळे पातळ होऊन पिल्ले निपजत नाहीत, असे ब्रिटन व अमेरिका येथील अभ्यासांत दिसून आले. रेचेल कार्सन या अमेरिकन लेखिकेने १९६२ साली या हानीकडे जगाचे लक्ष वेधले. अमेरिकेत १९७२ साली डी.डी.टी.चा सर्वसाधारण वापर बंद झाला. भारतात १९८९ साली शेतीतील वापरास बंदी घालण्यात आली. २००१ साली संमत झालेल्या स्टॉकहोम करारान्वये डी.डी.टी.चा उपयोग केवळ रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणापुरता मर्यादित करण्यात आला व भारताने २००६ साली या करारास मान्यता दिली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या करारान्वये हिवतापासाठी घरात होणारी फवारणी बंद झालेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००६ साली अशा फवारणीस पाठिंबा दिला. बंदी आहे ती शेतातील वापराला.

तुलनेची दोन उदाहरणे

दक्षिण आफ्रिकेत १९९६ साली डी.डी.टी. सोडून पायरेथ्रॉइड गटाची औषधे घरात फवारण्यास आरंभ झाला. क्वाझुलू-नाताल प्रांतात या नव्या औषधांना न जुमानणारा डास परतला आणि २००० सालापर्यंत रोगाची मोठी साथ उसळली. डी.डी.टी.ची फवारणी पुन्हा सुरू करून व त्याबरोबर नवी औषधयोजना देऊन साथ आटोक्यात आणावी लागली. निसर्गाच्या काळजीने केलेला बदलही पूर्वतयारीशिवाय केला तर माणसांना भोवतो, हे यावरून दिसते.

श्रीलंकेचा अनुभव याला पूरक आहे. तेथे १९६३ साली रुग्णसंख्या अवघी १७ वर आली होती. रोग गेला असे समजून फवारणी थांबविण्यात आली व दक्षता सैल झाली. १९६८-६९ मध्ये लाखो लोक पुन्हा आजारी पडले. पुढे डासही डी.डी.टी.ला दाद देईनासे झाले आणि औषध बदलावे लागले. अखेरीस रुग्णशोध, त्वरित उपचार, मच्छरदाण्या व निवडक ठिकाणची फवारणी यांच्या मेळातून त्या देशाने रोग हटविला व २०१६ साली तो हिवतापमुक्त घोषित झाला. एकट्या औषधाने जे टिकले नाही, ते अनेक उपायांच्या जोडीने टिकले.

मात्रेचा हिशेब

डी.डी.टी.ची घरातील मात्रा भिंतीच्या दर चौरस मीटरला १ ग्रॅम असते. २०० चौरस मीटर भिंतीच्या घराला एका फेरीत २०० ग्रॅम शुद्ध औषध, म्हणजे ५० टक्के पुडीचे ४०० ग्रॅम, पुरते. हे औषध छपराखाली, पाऊस व वारा यांपासून दूर, काही महिने काम करीत राहते. तेच औषध शेतात मारले तर थोडेच किडीला लागते. उरलेले मातीत, पाण्यात व मित्रकिडींवर जाते. घरातील फवारणी सर्वस्वी निर्धोक आहे असे नव्हे. परंतु तिचा लाभ मोठा व पसारा लहान असतो, तर शेतातील फवारणीची हानी दूरवर पसरते व घरातील औषधाचा गुणही मारते. दोन बाजूंचे वजन करावयाचे ते असे.

हा हिशेब आजही तितकाच लागू आहे. हल्ली मच्छरदाण्यांना व अनेक ठिकाणी भिंतींना लावले जाणारे औषध पायरेथ्रॉइड गटातील असते आणि कापूस, भाजीपाला व कडधान्ये यांवरही याच गटाची औषधे मारली जातात. २००० साली देशात सुमारे २० लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०१९ साली ती साडेतीन लाखांच्या आत आली. या यशात मच्छरदाणीचा वाटा मोठा आहे. गडचिरोलीसारख्या जंगलपट्टीत ती मुलांचे मुख्य रक्षण होय. शेतातील अविचारी फवारणीने तिचे औषध निकामी झाले, तर हानी आपल्याच घराची होईल.

शेतकऱ्यांनी काय करावे ?

१. पिकावर ठरावीक दिवसांनी सवयीने फवारणी करू नये. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तरच करावी. कामगंध सापळे, पक्षिथांबे व निंबोळी अर्क यांचा प्रथम उपयोग करावा.

२. एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा वापरू नये.

३. घरातील फवारणीसाठी आलेले औषध शेतात, धान्यात किंवा जनावरांच्या अंगावर कदापि वापरू नये.

४. पंप, डबे व हात विहिरीवर, ओढ्यात किंवा तलावात धुऊ नयेत. पायरेथ्रॉइड औषधे माशांना व मधमाश्यांना अत्यंत घातक आहेत.

५. कालव्याची गळती बुजवावी, चाऱ्यांतील गवत काढावे व साचलेल्या पाण्याला उतार करून द्यावा. भातखाचरात शक्य तेथे आळीपाळीने पाणी द्यावे व मध्ये खाचर कोरडे होऊ द्यावे, म्हणजे अळ्या मरतात.

६. रांजण, हौद व टाक्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासून कोरड्या कराव्यात. अळीपासून डास होण्यास आठवड्याच्या आसपास अवधी लागतो, म्हणून हा कोरडा दिवस चुकवू नये.

७. वापरात नसलेल्या विहिरी व बंदिस्त हौद यांत गप्पी मासे सोडावेत. नदीत किंवा नैसर्गिक तळ्यात मात्र सोडू नयेत, कारण तेथील मूळच्या माशांना त्यांचा उपद्रव होतो. गुजरातेतील खेडा जिल्ह्यात नडियाद तालुक्यात १९८३ पासून डबकी बुजविणे, पाण्याचा निचरा व मासे यांच्या साहाय्याने हिवताप नियंत्रणाचा प्रयोग करण्यात आला.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घ्यावयाची दक्षता

फवारणीची तारीख अगोदर दवंडीने अथवा सभेत कळवावी. अन्न, पाणी व चारा झाकून ठेवण्यास आणि मुलांना व जनावरांना बाहेर नेण्यास सांगावे. देवघर व स्वयंपाकघर फवारू न देणारी कुटुंबे असतात. त्यांच्याशी वाद न घालता फवारणीचे तत्त्व समजावून सांगावे, कारण सुटलेली खोली हीच डासाची विश्रांतीची जागा ठरते. फवारणीनंतर काही महिने भिंती सारवू नयेत किंवा त्यांना चुना लावू नये. सारवणाखाली औषधाचा थर झाकला जातो व सर्व श्रम वाया जातात. म्हणून सणापूर्वीची सारवण फवारणीच्या आधी उरकून घ्यावी.

मच्छरदाणी सावलीत वाळवावी. ती मासे धरण्यास किंवा भाजीच्या वाफ्यावर घालण्यास वापरू नये. ताप आलेल्या प्रत्येकाचे रक्त त्वरित तपासून घ्यावे व औषधाचा पूर्ण क्रम घ्यावयास लावावा. रोगी लवकर बरा झाला तर डासाला जंतू मिळत नाही. हा उपाय असा आहे की, त्यात विषाचा एक थेंबही लागत नाही.

सभेत विचारावयाचे प्रश्न

(१) भिंतीवरील औषधाने सर्व डास मेले नाहीत तरी हिवताप कमी का होतो ? (२) शेतातील फवारणीमुळे घरातील औषध निकामी कसे होते ? (३) आपल्या शिवारात आठवड्याहून अधिक काळ पाणी साचणाऱ्या जागा कोणत्या, व त्यांपैकी या महिन्यात कोणत्या बुजविता येतील ?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी न घेता सभेनंतर शिवारात फिरून घ्यावे व त्या जागांची यादी गावाने करावी. जितकी डबकी कमी, तितके औषध कमी लागेल, आणि जे थोडे लागेल ते अधिक काळ गुणकारी राहील.