गाडीतला बास आणि आपले कान

गोवंडीतला एक तरुण टॅक्सीवाला दवाखान्यात आला. "डॉक्टर, गाडीत बास बसवला तेव्हापासून रात्री कानात शिट्टी वाजते. मागून पॅसेंजर काय बोलतो तेही नीट कळत नाही."

खर्जाचा आवाज कानाला मुळातच कमी जाणवतो. म्हणून आपण बटण फिरवत जातो. ८५ डेसिबल आवाज कान दिवसाला ८ तास सोसतो, १०० डेसिबल जेमतेम १५ मिनिटे. कानातील केशपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

तेव्हा बास-ट्रेबल मध्यावर ठेवा. पुढचे-मागचे स्पीकर सारखे वाजू द्या. अ‍ॅम्प्लिफायर आवाज फाटेल इतका चढवू नका. शेजारच्याशी ओरडून बोलावे लागले, तर आवाज कमी करा. शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.