फोन तोच ठेव, पाटी बदल

अगं, आधी एक सांग. फोनही बदलणार आहेस की नुसता टॅबलेट? तुझ्या व्हॉइस मेसेजमध्ये दोन्हीची खिचडी झाली आहे. ‘अँड्रॉइडला कंटाळले, आता सगळंच ॲपलचं घेते’ म्हणालीस. त्यातलं ‘सगळंच’ तेवढं मागे घे. टॅबलेट घे, छोटा आयपॅड घे, तुझ्या प्रुफांच्या आणि अनुवादाच्या कामाला तो छान आहे. फोनला मात्र हात लावू नकोस.

का, ते सांगते. बँकेची आणि यूपीआयची ॲपं तुझ्या खात्याला नाही, तुझ्या सिमला बांधलेली असतात. पहिल्यांदा चालू करताना ॲप त्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं, आणि तो बँकेत नोंदवलेल्या नंबरावरूनच आलाय अशी खात्री झाल्यावर पुढचं दार उघडतं. आयपॅडवरून असा एसएमएस जातच नाही. पंधरा हजार जास्त मोजून सिमवाला आयपॅड घेतलास तरी नाही, कारण त्यातलं ई-सिम इंटरनेटपुरतं असतं. आईला साधा फोनही त्यावरून लागणार नाही. तुझ्या आताच्या टॅबमध्ये सिम घालून तू मावशीशी तासन् तास बोलतेस, ते इथे विसर. म्हणून नुसता वायफायवाला घे आणि बाहेर असशील तेव्हा फोनचा हॉटस्पॉट लाव. भाजीवाल्याचे पैसे, गॅसचा ओटीपी, आधारची भानगड, हे सगळं फोनवर आहे तिथेच राहू दे.

व्हॉट्सॲपची काळजी तू उगाच करते आहेस. पूर्वी आयपॅडला व्हॉट्सॲपच नव्हतं, ते मे २०२५ मध्ये आलं. कॉम्प्युटरवर कोड स्कॅन करून लावतेस ना, तसंच इथेही जोडलेलं यंत्र म्हणून लागतं. मुख्य खातं फोनवरच राहतं, त्यामुळे जुने चॅट हलवायचा प्रश्नच येत नाही. आईला व्हिडिओ कॉल मोठ्या पडद्यावर करता येईल, तिलाही बरं वाटेल. नाहीतरी तिला तुझं नुसतं कपाळच दिसत असतं.

आकाराबद्दल तू विचारलंस, ‘ताई, आठ इंच फार लहान नाही ना होणार?’ गंमत म्हणजे ऑक्टोबर २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्झनीच सात इंची टॅबलेटांना मोडीत काढलं होतं, आणि बरोबर दोन वर्षांनी त्याच कंपनीने आयपॅड मिनी आणला. आताच्या मिनीचा पडदा ८.३ इंचांचा, वजन तीनशे ग्रॅमच्या आतबाहेर. आपली मराठी पुस्तकं बहुतेक डेमी आकाराची, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ. त्या पानाचे समास छाटले की मजकूर मिनीवर जवळजवळ छापल्यासारखा बसतो. राज्य मराठी विकास संस्थेने जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट ठेवल्या आहेत, त्या मी मेट्रोत वनाज ते रामवाडी अशा वाचत जाते, एका हातात धरून. दिवाळी अंकाचं मोठ्या आकाराचं, दोन कॉलमी पान मात्र सारखं सरकवत बसावं लागतं. जेवणाच्या टेबलावर पसरून कोशातले संदर्भ लावायचे असतील, तर त्याला मोठा टॅबच हवा. पण तुझं काम ते नाही. तू कोपऱ्यात बसून एकेक पान तपासणारी.

प्रुफांसाठी पेन्सिल घेशीलच. नवा, ऑक्टोबर २०२४ चा मिनी घेतलास तर त्याला पेन्सिल प्रो नाहीतर यूएसबी-सी वाली साधी पेन्सिल चालते. दुसऱ्या पिढीची जुनी पेन्सिल कुणी स्वस्तात विकत असेल तर ती या मॉडेलला लागत नाही. ती २०२१ च्या मिनीची. पीडीएफवर हाताने खुणा करायला इतकं सुख दुसऱ्या कशात नाही. हात टेकवून लिहिलंस तरी रेघोट्या उठत नाहीत. तू लिहिलेलं मराठी आपोआप टाइप होईल, अशी आशा मात्र धरू नकोस. प्रुफाला त्याची गरजही नसते.

आता खऱ्या दुखण्याकडे येते. तुझ्या जुन्या फाइली. पहिल्या पुस्तकापासूनची सगळी कामं ‘नव्या टॅबवर टाकून मोकळी होते’ म्हणालीस. टाकशील, आणि उघडल्यावर पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि स्वल्पविरामांचा चिवडा दिसेल. मग मला फोन करून ॲपलच्या नावाने खडे फोडशील. दोष ॲपलचा नाही. तुझ्या अँड्रॉइडवरही तेच दिसलं असतं, तू तिथे त्या कधी उघडल्याच नाहीस.

मी अर्धं आयुष्य सदाशिव पेठेत पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरसमोर काढलंय, तेव्हा हे माझ्याकडूनच ऐक. हे सगळं आपल्याच गावात घडलं. सी-डॅक १९८८ साली पुण्यात सुरू झालं, त्यांचा परम महासंगणक सगळ्यांना ठाऊक आहे. पण आम्हा डीटीपीवाल्यांचं पोट भरलं ते त्यांच्या जिस्टवर आणि आयएसएमवर, म्हणजे मराठी लिहायच्या साधनांवर. श्री-लिपी काढणारी मॉड्युलर कंपनीही इथलीच. त्या काळी साध्या कॉम्प्युटरला देवनागरी कळायची नाही. म्हणून इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठीचे तुकडे भरले होते. एका घरात काना, दुसऱ्यात अर्धा स, तिसऱ्यात रफार. फाइलमध्ये साठायचे ते फक्त घरांचे नंबर, आणि मराठी दिसायचं ते फॉन्टच्या कृपेने. फॉन्ट काढून घेतला की उरतो तो चिवडा. त्यात प्रत्येक कंपनीची घरं निराळी, त्यामुळे श्री-लिपीची फाइल सुरेख फॉन्टमध्ये उघडली तरी अक्षरं फुटायची. रात्री अकराला प्रेसवरून फोन यायचा, ‘मॅडम, फॉन्ट उडाला.’

युनिकोडने ही घरांची भानगडच संपवली. तिथे ‘क’चा क्रमांक ०९१५, आणि तो जगातल्या कुठल्याही यंत्रावर तोच. विंडोजवरचा मंगल फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी घडवला, तो याच नव्या व्यवस्थेसाठी. मग प्रकाशक इतकी वर्षं जुन्यातच का अडकले? कारण पेजमेकरला युनिकोड कधी जमलाच नाही, आणि इनडिझाइनमध्ये देवनागरी नीट बसायला २०१२ उजाडावं लागलं. आळस म्हणून नावं ठेवणं सोपं आहे, पण पानं लावणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघ.

तर तू असं कर. जी पुस्तकं छापून झाली, त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवरूनच पीडीएफ काढ. पीडीएफ फॉन्ट आपल्या पोटात घेऊन फिरते, त्यामुळे आयपॅडवर पान जसंच्या तसं दिसेल. त्यात शब्द शोधता येणार नाही, उतारा कॉपी केलास तर पुन्हा चिवडाच येईल, पण वाचायला काही अडचण नाही. ज्या मजकुरावर अजून काम करायचंय, नवी आवृत्ती वगैरे, तेवढाच युनिकोडमध्ये कन्व्हर्ट कर. सगळं कन्व्हर्ट करत बसू नकोस, म्हातारी होशील.

आणि कन्व्हर्ट झाल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. कन्व्हर्टर हमखास मार खातो तो रफारावर, रफाराच्या डोक्यावरच्या अनुस्वारावर, एकेरी-दुहेरी अवतरणांवर आणि आपल्या त्या लाडक्या ‘ऱ्या’वर. ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’, ‘गोऱ्हा’ हे शब्द मुद्दाम शोधून बघ. त्यात एक खोच आहे. हा चंद्रकोरी र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, दुसरी साध्या र चा पाय मोडून मागे एक न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. डोळ्याला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. म्हणून फाइलमध्ये ‘दऱ्या’ समोर दिसत असतानाही शोध घेतला की ‘सापडलं नाही’ असं उत्तर येतं. तुझ्यासारख्या मुद्रितशोधिकेला यापेक्षा जास्त चिडवणारं काही नसेल. एकच रीत ठरव आणि बाकीचं एकदाच बदलून टाक.

टायपिंगचं मी तुला फोनवर पटवू शकणार नाही, ते तुझ्या बोटांनीच ठरवायचं. अँड्रॉइडवर तू रोमनमध्ये बडवतेस आणि मराठी उमटतं, किंवा सरळ बोलून लिहितेस. गूगलने बोलून मराठी टायपिंग २०१७ मध्ये आणलं तेव्हापासून तुला त्याची चटक लागली आहे, माहितेय मला. आयपॅडला ॲपलचा स्वतःचा मराठी कीबोर्ड आहे, आणि गूगलचा जीबोर्डही वरून घालता येतो. पण पासवर्डच्या जागी आलीस की बाहेरचा कीबोर्ड आपोआप बाजूला होतो आणि ॲपलचा येतो. पहिल्यांदा दचकशील, बिघाड समजू नकोस. दुकानातच उभी राहून एक परिच्छेद टाइप करून बघ. ‘ज्ञानेश्वरांच्या आळंदीहून परतताना ॲड. कुलकर्ण्यांनी सुऱ्या विकत घेतल्या’ असलं काहीतरी वेडंवाकडं वाक्य घे. ळ, ॲ, ज्ञ, ऱ्या किती दाबांत मिळतात ते मोज. मग तेच वाक्य मोठ्याने बोलून बघ. लोक बघतील, बघू देत.

लांबलचक अनुवाद करायचा असेल तर ब्लूटूथ कीबोर्ड जोड. तुला इन्स्क्रिप्ट येतं ना? १९८६ मध्ये सरकारने ठरवलेली ती मांडणी, डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजनं, आयपॅडवर देवनागरी कीबोर्ड म्हणून निवडता येते. बोटांना एकदा बसलेलं इन्स्क्रिप्ट यंत्र बदललं तरी विसरत नाही. मी तुला तेव्हा कानीकपाळी ओरडत होते, आठवतंय?

दुकानाचं बोलू. सप्टेंबर २०२५ पासून कोरेगाव पार्कात कोपा मॉलमध्ये ॲपलचं स्वतःचं दुकान झालंय. विकत घे म्हणून कुणी मागे लागत नाही, तासभर हाताळत बस. नवा मिनी आला तेव्हा ४९,९०० रुपयांपासून होता, पण सणाच्या दिवसांत इतर दुकानांत कार्डावर सूट मिळते, तेव्हा घाई करू नकोस. साठवणीची जागा मात्र आधीच विचार करून घे. तुझ्या टॅबला मेमरी कार्ड लागतं, आयपॅडला नाही, नंतर वाढवता येत नाही. हेडफोनचं भोकही नाही. चार्जरची पिन तुझ्या अँड्रॉइडचीच, तेवढा खर्च वाचला. कव्हर आणि काच तपकीर गल्लीतून घे, मॉलमधून नको.

आणि एक गोष्ट ऐकच. खातं दुकानातल्या मुलाला उघडू देऊ नकोस. माझ्या ओळखीच्या एका बाईंचं अशाच एका मुलाने कौतुकाने उघडून दिलं, कुठल्यातरी मनच्या ईमेलवर. वर्षभराने पासवर्ड विचारला तेव्हा ना तो मुलगा दुकानात होता, ना तो ईमेल कुणाला आठवत होता. आयपॅड रीसेट केला तरी तो जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो, चोराने वापरू नये म्हणून. तू तुझ्या रोजच्या ईमेलवर आणि फोन नंबरवर घरी येऊन शांतपणे उघड. ऑफिसचा ईमेल नको. सेकंडहँड घेणार असशील, तर विकणाऱ्याने त्याचं खातं तुझ्यासमोर काढल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

फोटो आणि डॉक्युमेंटं गूगलवरच राहू देत. ॲपल फुकट ५ जीबी देतं, गूगल १५, आणि गूगलची सगळी ॲपं आयपॅडवर चालतात. लॉगिन करून वापरायची, स्टोरीटेल किंवा बुकगंगासारखी ॲपं नुसती पुन्हा उतरवायची. प्ले स्टोअरवर एकदाच पैसे भरून घेतलेली मात्र इकडे येत नाहीत. दर महिन्याला गूगलकडून पैसे कापणारं काही असेल, तर ते आधी प्ले स्टोअरवर जाऊन बंद कर, ॲप नुसतं उडवून पैसे थांबत नाहीत.

पहिला आठवडा तुझं बोट सारखं मागे जायचं बटण शोधेल. ते नाही. काही ॲपांत डाव्या कडेवरून सरकवलं की मागे जातं, काहींत वर कोपऱ्यात बाण असतो, काहींत काहीच नसतं. ही ॲपलची मला कधीच न पटलेली गोष्ट आहे. बाकी कौतुक करायचं तर एवढंच, की २०१९ च्या मिनीलाही २०२५ ची नवी प्रणाली मिळाली. स्वस्त अँड्रॉइड टॅबांचं आयुष्य तू बघितलंच आहेस.

जुना टॅब बाबांना दे, त्यांना क्रिकेट बघायला पुरेल. देण्याआधी त्यातून तुझं गूगल खातं काढ आणि मग रीसेट कर. उलटं केलंस तर तो रीसेट झाल्यावर तुझाच पासवर्ड मागत बसेल आणि बाबा मला फोन करतील.

शनिवारी दुपारी जेवायलाच ये. येताना जुन्या फाइलींचा पेनड्राइव्ह आण, आणि प्रत्येक फाइलवर मूळ फॉन्ट कोणता होता ते लिहून आण. नुसता चिवडा बघून श्री-लिपी की सुरेख ते ओळखायचे माझे दिवस आता गेले.