आपली वीज येते कुठून?



कारखान्याच्या वार्षिक सभेत एक प्रश्न हटकून निघतो. "कारखाना वीज करतो, तारा आमच्याच रानावरनं गेल्यात, मग आमची मोटार रात्री बारा वाजता का चालू करायची?" प्रश्न रास्त आहे. सभेत त्याचे उत्तर दोन वाक्यांत उरकले जाते आणि समाधान कोणाचेच होत नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी माप समजून घेऊ. पाच हॉर्सपॉवरची मोटार म्हणजे साधारण पावणेचार किलोवॅट. ती आठ तास चालली की सुमारे ३० युनिट वीज लागते. हजार किलोवॅटचा एक मेगावॅट. एक मेगावॅटचा संच पूर्ण भाराने तासभर चालला की एक हजार युनिट तयार होतात. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सारे हिशेब घरच्या वहीत मांडता येतील.

वीज तयार करायला एक तर उंचावरून पडणारे पाणी लागते, नाहीतर जाळायला काही तरी लागते. मराठवाड्यात दोन्हींची वानवा. कोयनेचे पाणी सह्याद्री उतरून साडेचारशे मीटरांहून अधिक खाली पडते, म्हणून तिथे १९६० मेगावॅटचे प्रकल्प उभे राहिले. आपल्या जायकवाडीत पाणी पुष्कळ, भरले तर १०२ टीएमसी, पण धरणाची उंचीच सुमारे ४१ मीटर. तिथला वीजसंच १२ मेगावॅटचा आहे. पाण्याला उतार नाही, तर ताकद कोठून येणार? कोळशाच्या खाणी विदर्भात आणि तेलंगणात. आपल्या भागात काळी माती आहे, काळा दगड आहे, कोळसा तेवढा नाही.

म्हणून कोळसा रेल्वेने आणून परळीला जाळायचे ठरले. १९७१ च्या सुमारास तेथे ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. १९८० च्या दशकात २१० मेगावॅटचे तीन संच आले. हे जुने संच आता मोडीत निघाले आहेत. आज तेथे २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. ते २००७, २०१० आणि २०१६ साली आले. म्हणजे ७५० मेगावॅट. आपल्या जिल्ह्यात एवढी मोठी वीज दुसरीकडे कुठेही होत नाही.

कोळसा रेल्वेने येतो, पण पाणी रेल्वेने आणून भागत नाही. औष्णिक केंद्रात पाण्याची वाफ करून चक्र फिरवतात, आणि ती वाफ पुन्हा थंड करायला त्याहून कितीतरी जास्त पाणी उडून जाते. परळीला हे पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून आणि माजलगाव धरणातून मिळते. २०१२ चा पाऊस गेला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्यावाचून सगळे केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ च्या जुलैत पुन्हा तीच गत. वॅगनी भरून कोळसा आला असता तरी चूल पेटणार नव्हती. त्याच दुष्काळात, २०१६ साली, लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, हे आपण कोणी विसरलेलो नाही.

आता एक अवघड हिशेब. काही सभासदांना तो रुचणार नाही, पण मांडल्यावाचून राहवत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या कोळसा केंद्रांसाठी मर्यादा घातली, ती युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची. ७५० मेगावॅट दिवसभर पूर्ण भाराने चालले तर १ कोटी ८० लाख युनिट होतात आणि पाणी लागते ६ कोटी ३० लाख लिटर. आकडा ऐकून डोळे फिरतात. आता उसाकडे पाहू. पाटाने मोकाट पाणी दिले तर एका पिकाला अडीच मीटरच्या आसपास पाणी जाते, म्हणजे एकरी सुमारे एक कोटी लिटर. याचा अर्थ, परळीचे तिन्ही संच एक दिवस चालवायला जेवढे पाणी लागते, तेवढे आपण सहा एकर उसाला एका पिकात पाजतो. वर्षभराचा हिशेब केला तर २३०० एकर ऊस. एका मोठ्या साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रात याहून किती तरी जास्त ऊस उभा असतो.

परळीने पाणी पळवले म्हणून आपण चावडीवर ओरडतो. ते ओरडणे अगदीच खोटे नाही, कारण टंचाईत प्रत्येक थेंबाला वाटेकरी होतात. पण ठिबकवर ऊस घेतला तर साधारण चाळीस टक्के पाणी वाचते, आणि ते कोणाच्या वाट्याचे होते हे आपण आपल्यालाच विचारावे.

आता कारखान्याच्या विजेकडे वळू. गव्हाणीत ऊस पडतो, रस निघतो, आणि एका टन उसामागे २८० ते ३०० किलो बगॅस उरतो. त्यात निम्मे पाणीच असते, तरी तो बॉयलरमध्ये चांगला जळतो. पूर्वी कमी दाबाचे बॉयलर असत. कारखाना आपली गरज भागवी आणि उरलेला बगॅस डोकेदुखी होऊन बसे, कारण ढिगाला आग लागायची भीती. मग उच्च दाबाचे बॉयलर आले. पूर्वी २१ किंवा ३२ किलो दाब असे, आता ८७ आणि ११० किलोपर्यंत गेला. तेवढ्याच बगॅसमध्ये वीज दुपटी-तिपटीने वाढली. यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात, कारण एकाच वाफेने आधी चक्र फिरते आणि मग तीच वाफ रस उकळते.

रोज २५०० टन गाळप करणारा कारखाना धरा. नव्या बॉयलरवर टनामागे १०० युनिट धरले तर दिवसाला अडीच लाख युनिट. कारखान्याची स्वतःची गरज टनामागे ३० युनिटांची, म्हणजे पाऊण लाख गेले. उरले पावणेदोन लाख. तीस युनिटांच्या मोटारी मोजा, साडेपाच हजारांवर भरतात. मॉरिशस बेटावर, जिथे आपली मराठी माणसेही पिढ्यान्‌पिढ्या उसाच्या मळ्यांत राबली, तिथे हंगामात बगॅस आणि बाकीच्या दिवसांत कोळसा जाळून कारखान्यांलगतची वीजकेंद्रे बेटाला वीज देत आली आहेत.

मग सभेतल्या प्रश्नाचे काय? कारखान्याची वीज कराराने विकली जाते आणि उपकेंद्रातून राज्याच्या जाळ्यात जाते. खरे तर ती जवळपासच वापरली जाते, कारण वीज पाण्यासारखी सोयीची वाट धरते. पण कोणत्या फीडरला किती तास द्यायचे हे राज्यात एकूण वीज किती आणि मागणी किती यावरून ठरते. दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास ही पाळी त्यातूनच आली. आणि समजा, कारखान्याची वीज फक्त सभासदांच्या मोटारींना जोडली, तर मार्चअखेर पट्टा पडल्यावर काय करायचे? एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळाला गेलेल्या, ऊस वाळायला लागलेला, आणि आपला बॉयलर थंड. राखून ठेवलेला बगॅस थोडे दिवस पुरेल, वर्ष काढणार नाही. पावसाने दगा दिला तर ऊसच नाही, मग बगॅस कुठला? म्हणजे ज्या वर्षी परळी बंद, त्याच वर्षी कारखान्याचीही वीज कमी. दोन्ही एकाच आभाळाकडे तोंड करून बसलेली.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात वस्ती इतकी विरळ आहे की तिथले जाळे पूर्वेकडच्या जाळ्याला जोडलेलेच नाही, आणि दूरच्या गावांना डिझेलवर किंवा सूर्यावर आपली आपण वीज करावी लागते. आपण तेवढे दूर नाही. परळीचा संच बंद पडला तरी चंद्रपूरची किंवा कोयनेची वीज आपल्यापर्यंत येते. हे जाळ्याचे उपकार आहेत. मात्र आष्टी-पाटोद्याच्या माळावर वस्त्या लांब, तारा लांब, आणि शेवटच्या मोटारीपर्यंत पोहोचेस्तोवर व्होल्टेज पार बसते. ४४० व्होल्टऐवजी ११ हजार व्होल्टने तीच वीज नेली तर तारेतला प्रवाह पंचवीसपट कमी होतो आणि तेवढ्याच तारेत नासाडी सहाशे पंचवीसपट कमी होते. म्हणून डीपी मोटारीच्या जितका जवळ तितका बरा. एकाच डीपीवर पंधरा मोटारी आणि वर दोन आकडे असले की मोटारी जळणारच. कमी व्होल्टेजवर मोटार जास्त अँपियर ओढते आणि तापते. दोष नेहमी वायरमनचाच असतो असे नाही.

राहिले वारा आणि ऊन. बालाघाटाच्या माळावर पवनचक्क्या दिसू लागल्या आहेत. त्यांचे दिवस जून ते सप्टेंबरचे, म्हणजे कारखाना बंद असतो तेव्हाचे. ही जोडी आम्हाला बरी वाटते. सौर वीज दिवसा होते, थेंबभर पाणी उकळावे लागत नाही, आणि नेमक्या एप्रिल-मेमध्ये जोरात असते. एक मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते, तीही माळरान चालते. राज्याने २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली ती याच हिशेबाने, की गावच्या उपकेंद्राजवळ पट्ट्या उभ्या राहाव्यात आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळावी. ज्या गावांत गायरान पडीक आहे त्यांनी ग्रामसभेत हा विषय घ्यायला हरकत नाही. ज्यांनी सौर पंप बसवले आहेत त्यांनी पट्ट्या सकाळी लवकर धुवाव्यात. भर दुपारी तापलेल्या काचेवर विहिरीचे गार पाणी मारले की ती तडकू शकते.

आणखी एक, आपल्या हातातले. तोडणीच्या वेळी मोळीबरोबर माती, पाचट आणि वाढे गव्हाणीत येऊ देऊ नका. माती बगॅसमधून बॉयलरमध्ये जाते, नळ्या झिजतात, भर हंगामात नळी फुटते आणि गाळप थांबते. ते तास कोणाच्या बिलातून जातात हे सांगायला नको. टोळीच्या मुकादमाला मोळी बांधण्यापूर्वीच हे बजावावे. मोटारीला कपॅसिटर कोणता व कसा बसवावा, याबद्दल पुढील अंकी लिहू.